हेअर ट्रान्सप्लांट करू का? पुढच्या टकलाआधी मागचे केस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचा २७ वर्षांचा तरुण, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. बाविसाव्या वर्षापासून कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आहेत, आता भोवऱ्यावरही विरळ झालंय. वडील आणि मामा दोघांनाही टक्कल. औषध आजवर कुठलंच घेतलेलं नाही. एका क्लिनिकने व्हॉट्सॲपवर फोटो पाहून ‘३५०० ग्राफ्ट, एका दिवसात, सवलत याच आठवड्यापुरती’ असं कळवलंय. येत्या लग्नसराईत स्थळं बघायची आहेत. करू का?

सरळ उत्तर: आत्ता नको. कायमचं नको असं म्हणत नाही, पण औषधाचं एक वर्ष पुरं केल्याशिवाय नको, आणि फोटोवरून ग्राफ्टचा आकडा सांगणाऱ्याकडे तर कधीच नको.

या शस्त्रक्रियेत नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातली मुळं उचलून पुढे लावतात, एवढंच. केसांची मुळं बारीक करणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाचा त्या मुळांवर फारसा परिणाम होत नाही आणि जागा बदलली तरी हा गुण त्यांच्यासोबत जातो. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि आजची सगळी प्रत्यारोपणं त्याच पायावर उभी आहेत. म्हणून लावलेला केस टिकतो. पण त्याच्या शेजारचा तुमचा मूळचा केस शस्त्रक्रियेनंतरही आपल्या गतीने बारीक होत जातो. सत्ताविसाव्या वर्षी पुढची फळी दाट भरून घेतली आणि पस्तिशीत तिच्या मागचं सगळं गेलं, तर कपाळावर केसांचा एक पट्टा आणि मागे मोकळं मैदान राहतं. ते साध्या टकलापेक्षा वाईट दिसतं आणि दुरुस्त करायला कठीण असतं.

आता हिशेब मांडू, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे. एका छिद्रातून निघणारा एक ते चार केसांचा झुबका म्हणजे एक ग्राफ्ट, सरासरी दोनच्या आसपास केस. (जाहिरातीत ‘६००० केस’ असं लिहिलेलं असेल तर ते साधारण ३००० ग्राफ्टच असतात. दर कशाचा आहे ते विचारून घ्या.) मागचा सुरक्षित पट्टा कानापासून कानापर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर लांब आणि साडेसहा सेंटिमीटर उंच धरला, तर क्षेत्र झालं १८० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ७० ग्राफ्ट धरले तर एकूण १२,६००. यातले ३५ ते ४० टक्के काढले तरी मागून फरक कळत नाही. त्यापुढे गेलं की मागचं डोकं ठिकठिकाणी उजाड दिसायला लागतं. म्हणजे आयुष्यभराची जमा साधारण ४,४०० ते ५,००० ग्राफ्ट.

खर्चाची बाजू बघा. मूळच्या निम्मी घनता असली तरी बघणाऱ्याला डोकं भरलेलं वाटतं, म्हणून ७० ऐवजी ४० नेही काम भागतं. कपाळाकडचा भाग ५५ चौरस सेंटिमीटर असेल तर ४० प्रमाणे २,२०० ग्राफ्ट. मधला भाग ६०, जरा विरळ लावला तरी १,९००. भोवऱ्याचा भाग ७०, तिथेही तेवढेच. बेरीज सहा हजार. जमा पाच, खर्च सहा! त्यातले साडेतीन हजार एकाच दिवशी, एकाच भागावर उधळले, तर पुढच्या पन्नास वर्षांसाठी हजार-दीड हजार उरतात. दाढीचे केस जोडीला वापरता येतात, पण ते जाड आणि राठ असतात. भोवऱ्यात मिसळून जातात, पुढच्या रांगेत उठून दिसतात.

हे आकडे सरासरीचे आहेत. तुमचे स्वतःचे मोजावे लागतील, आणि सुरुवात सलूनमध्येच होते. मागचे आणि कानांवरचे केस मशीनने दोन नंबरवर उतरवून घ्या, ओले करा आणि दिवसाच्या उजेडात कुणाला तरी फोटो काढायला सांगा. कातडी जागोजागी डोकावते का? मानेकडून केसांची रेघ वर सरकली आहे का? कानांच्या वर पातळ पडलंय का? यातलं काही दिसलं तर सुरक्षित पट्टा आपण धरला तेवढा रुंद नाही. पुढचं काम डॉक्टरांचं. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवून ते एका चौरस सेंटिमीटरमधले ग्राफ्ट मोजतात आणि त्यात बारीक, अशक्त केस किती ते बघतात. मागच्या पट्ट्यातच असे केस २० टक्क्यांच्या वर असतील, तर शस्त्रक्रियेचा विषय तिथेच मिटवावा. तिथून उचललेला केस पुढे जाऊनही गळणारच. ही तपासणी पाच-सात मिनिटांची आहे. व्हॉट्सॲपच्या फोटोवरून ती होत नाही.

त्याआधी आणखी एक प्रश्न: गळती आनुवंशिकच आहे ना? तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं. पण डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात आणि बहुतेकांचे सहा ते नऊ महिन्यांत परत येतात. तिथे शस्त्रक्रिया निरर्थक. चाई पडली असेल तर लावलेले केसही जाऊ शकतात. टाळूवर खाज, लाली, मुळांभोवती पापुद्रे आणि गुळगुळीत चट्टे असतील, तर मुळं करपवणारा आजार असू शकतो. तो औषधांनी पूर्ण शांत होऊन वर्ष-दोन वर्षं उलटल्याशिवाय तिथे सुई लावू नये. हे निदान करायला पॅकेज विकत घ्यावं लागत नाही. सोलापुरात सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत किंवा कुठल्याही एमडी त्वचारोगतज्ज्ञाकडे होतं. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

आणि हो, बोअरचं खारं पाणी. सोलापुरात निम्मी माणसं टकलाचं खापर त्यावरच फोडतात. जड पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात. मुळं आक्रसून कपाळाचे कोपरे मागे सरकणं हे पाण्याचं काम नाही. त्यासाठी वडील आणि मामा पुरेसे आहेत. पाण्याचा फिल्टर बसवून हेअरलाइन परत येत नाही.

मग औषध. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम रोज एक गोळी, आणि मिनॉक्सिडिल ५ टक्के, १ मिलिलिटर दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. ही जोडी वर्षभर नियमित घ्यायची. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या चार ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात. निम्मे लोक इथेच घाबरून बाटली टाकून देतात. जुने केस जागा करून देत असतात, थांबू नका. सहा महिन्यांत गळती आटोक्यात आल्याचं कळतं, खरा निकाल बाराव्या महिन्यात. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचा फोटो काढून ठेवा. आरशावर विश्वास ठेवू नका.

फिनास्टेराइडबद्दल लपवाछपवी नको. थोड्या पुरुषांमध्ये इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात. काहींत वीर्याचा दर्जा उतरतो, बंद केल्यावर तो बहुधा सुधारतो. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर हे डॉक्टरांशी आधीच बोला. उदासी किंवा जीव नकोसा होण्याचे विचार आले तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठा. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं आहे. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये, आणि फुटलेली गोळी गरोदर स्त्रीने हाताळू नये.

हे वर्ष शस्त्रक्रियेसाठीही लागतं. औषधाने पुढच्या फळीमागचे मूळचे केस टिकले तर तेवढे ग्राफ्ट वाचतात, कधी कधी शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. आणि औषध वर्षानंतरही चालूच ठेवावं लागतं. ते आयुष्यभर घ्यायचंच नाही असं तुमचं पक्कं असेल, तर तेही आधी कळलेलं बरं. मग आराखडा वेगळा करावा लागतो: हेअरलाइन उंच, ग्राफ्ट कमी, भोवऱ्याला हात नाही.

हेअरलाइनबद्दल तरुण मुलांशी सगळ्यात जास्त वाद होतो. प्रत्येकाला बारावीच्या फोटोतलं कपाळ हवं असतं. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात ते आठ सेंटिमीटर वर, म्हणजे आडवी चार बोटं ठेवून त्याच्या थोडं वर, ही प्रौढ पुरुषाची रेषा. ती एक सेंटिमीटर खाली ओढली तर कपाळाच्या रुंदीत पाच-सहाशे ग्राफ्ट जादा लागतात आणि पन्नाशीत ती रेषा विगसारखी दिसते. कोपऱ्यांत थोडं मागे गेलेलं राहू द्यावं. पहिल्या दोन-तीन रांगांत फक्त एक-केसी ग्राफ्ट, तेही पुढे झुकलेल्या कोनात आणि किंचित वेडेवाकडे. दोन-तीन केसांचे ग्राफ्ट त्यामागे. पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेषा दिसली की काम कच्चं आहे असं समजा.

पद्धतींच्या नावांना फार भुलू नका. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने (गोल, पोकळ पात्याने) एकेक ग्राफ्ट काढतात आणि मागे बारीक पांढरे ठिपके राहतात. एफयूटीमध्ये कातडीची पट्टी काढून टाके घालतात आणि एक आडवी रेघ राहते. सफायर, डीएचआय ही छिद्र पाडण्याच्या किंवा लावण्याच्या हत्यारांची नावं आहेत. निकाल हातावर ठरतो.

आणि हात कुणाचा हे विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं या विषयात रीतसर शिक्षण हवं, म्हणजे त्वचारोगात एमडी किंवा डीएनबी, नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. कार्यशाळा किंवा यूट्यूबचे व्हिडिओ बघून घेतलेलं ज्ञान चालणार नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळा. मग तीन प्रश्न. भूल कोण देणार? छिद्रं आणि पंच कोण मारणार? त्या दिवशी त्या डॉक्टरांकडे आणखी किती पेशंट आहेत? ग्राफ्ट लावायला प्रशिक्षित सहायक मदत करतात, त्यात गैर काही नाही. पण आराखडा, भूल, छिद्रं आणि काढणी डॉक्टरांनीच करायची. ‘सर मधूनमधून येऊन बघून जातात’ असं उत्तर आलं तर उठून या.

एका दिवसात ३५०० हा आकडा मला खटकतो, त्याचं कारण वेळ. एक ग्राफ्ट काढायला पाच सेकंद धरले, तरी ३००० ला चार तास दहा मिनिटं होतात. जवळजवळ तेवढीच लावायला. वर आराखडा, भूल, जेवण. २५०० ते ३००० मध्ये दिवस भरतो. त्यापुढे हात थकतो, पंचची धार जाते, मुळं तिरकी कापली जातात. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओले ठेवावे लागतात. ट्रेच्या कडेला राहून दोन-तीन मिनिटं जरी कोरडे पडले तरी मेले. मेलेला ग्राफ्ट लावतानाही जिवंत ग्राफ्टसारखाच दिसतो. तो उगवणार नाही हे आठ महिन्यांनी कळतं, तोवर पैसे दिलेले असतात.

भुलेचं गणित तर पेशंटलाही ठाऊक असावं. लिग्नोकेन या भुलेच्या औषधाची मर्यादा ॲड्रेनलिनसोबत किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे साडेचोवीस मिलिलिटर. दिवस लांबला की भूल उतरते, परत परत टोचतात आणि बेरीज कुणी ठेवत नाही. ओठांभोवती मुंग्या, कानात घूं आवाज, तोंडात धातूची चव ही विषबाधेची पहिली लक्षणं. ती जाणवली तर लगेच बोला, पुढची पायरी झटके येण्याची. ऑपरेशनच्या खोलीत ऑक्सिजन, मॉनिटर, ॲड्रेनलिन आणि २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (भुलेच्या विषबाधेवरचं औषध) आहे का, हे आधी बघून या. जिवाला धोका अगदी कमी असतो, शून्य नसतो. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या तपासण्या होतात: सीबीसी, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. जोडीला रक्तदाब आणि ईसीजी. दारू आठवडाभर आधी बंद. ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर ज्यांनी दिली त्यांनाच विचारून थांबवायची, मनाने नाही. आणि मावा, गुटखा, तंबाखू, बिडी दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर पूर्ण बंद. हे उपदेश म्हणून सांगत नाही. निकोटिनने टाळूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. दाट लावलेल्या जागी रक्त पोचत नाही, मधला भाग आधी जांभळट, मग काळा पडतो. ती कातडी मेलेली असते आणि तिथे पुढे केस येत नाहीत. मधुमेह ताब्यात नसेल तर हाच धोका वाढतो. बाकीचे त्रास त्यामानाने किरकोळ: तिसऱ्या दिवशी कपाळ, कधी डोळेही सुजतात, मागे बधिरपणा राहतो, पुटकुळ्या येतात. काहींना दोन दिवस उचक्या लागतात, का लागतात ते नीट उलगडलेलं नाही.

आता तुमचं लग्न. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून जातात, मुळं आत राहतात. आजूबाजूचे मूळचे केसही काही काळ गळू शकतात. पहिले तीन महिने माणूस आधीपेक्षा विरळ दिसतो. चौथ्या महिन्यात कोंब फुटतात, नवव्यात लोकांना फरक कळतो, बाराव्यात निकाल लागतो. भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. बघण्याच्या कार्यक्रमाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करणं म्हणजे मुद्दाम वाईट दिसण्याची वेळ निवडणं. मेमध्ये लग्न असेल तर शस्त्रक्रिया आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात व्हायला हवी. महिना उलटल्याशिवाय घट्ट फेटा बांधू नये, मुंडावळ्यांची दोरीही हेअरलाइनवर काचते.

पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सोलापूरसाठी बरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना घाम, धूळ आणि ऊन ताज्या जखमांवर नको. पहिले तीन दिवस दर तासाला सलाइनचा फवारा, झोपताना डोकं ४५ अंशांत वर. धुणं तिसऱ्या दिवशी: बेबी शॅम्पू मगात फेसाळून फेस अलगद ओतायचा, चोळायचं नाही, शॉवर नाही. आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी टाकीत साठवलेलं असतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस उकळून गार केलेलं पाणीच वापरा. खपल्या दहाव्या दिवसापर्यंत भिजून आपोआप सुटतात, नखाने काढल्या तर ग्राफ्टही निघतो. हेल्मेट दोन आठवडे नाही, त्यामुळे तेवढे दिवस दुचाकीही नाही. कंपनीतून रजा निदान दहा दिवसांची घ्या. पुणे किंवा हैदराबादला केलं तर त्याच रात्री स्लीपर बसने परतू नका. वरच्या बर्थवर चढताना छताला डोकं हमखास घासतं. दोन रात्री तिथेच थांबा, पहिलं धुणं क्लिनिकमध्येच करून घ्या आणि मग दिवसाच्या रेल्वेने या.

घरातलाही एक प्रश्न विचारात घ्या, विशेषतः तिरुपतीला केस देण्याचा नवस असणाऱ्या घरांत. आपल्या शहरात अशी घरं पुष्कळ आहेत. वर्षभरानंतर मुंडण केल्याने लावलेली मुळं जात नाहीत, केस पुन्हा वाढतात. पण गुळगुळीत डोक्यावर एफयूईचे ठिपके आणि एफयूटीची रेघ दोन्ही दिसतात. वडीलधाऱ्यांच्या मागे क्षौर करावं लागतं तेव्हाही तेच. ज्याला हे चालणार नाही त्याने आधी सांगावं. आणि बारीक कापलेले केस किंवा सरळ गोटा तुम्हाला शोभत असेल, तर तोही पर्याय आहे, त्याला ग्राफ्ट लागत नाहीत.

पैशांचं बोलणं कागदावर करा. केस प्रत्यारोपणाला आरोग्यसेवेची करसवलत नाही, १८ टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या दरात धरलाय का ते विचारा. आरोग्य विमा हा खर्च देत नाही. हप्त्यांवर घेत असाल तर प्रोसेसिंग फी बघा. संमतीपत्र मराठीत मागा आणि आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: एकूण ग्राफ्ट, त्यात एक-केसी, दोन-केसी आणि तीन-केसी किती, लिग्नोकेन किती दिलं, आणि पंच कोणी मारला. टोकन रक्कम आधीच भरली असेल तर रद्द करण्याची अट आज वाचा आणि तारीख पुढे ढकलायला लेखी कळवा, फोनवर नाही.